चार नंबरचा माणूस

बास्केटबॉलमध्ये पाच जणांना पाच नंबर असतात. जर्सीवरचे नव्हेत, कामाचे. एक नंबर चेंडू घेऊन येतो. दोन नंबर लांबून मारतो. तीन नंबरला दोन्ही थोडं थोडं जमतं. पाच नंबर सगळ्यांत उंच, त्याची जागा रिंगखाली. राहिला चार. त्याने करायचं काय? आमच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी हा प्रश्न सरांना विचारला होता, कारण चार नंबर माझ्या वाट्याला आला होता. सरांनी तोंडातली शिट्टी काढली, जरा विचार केला आणि म्हणाले, "चार म्हणजे पाचला मदत." शिट्टी परत तोंडात गेली.

व्याख्या पुरेशी होती. धक्के खायचे, बोर्डवरून उसळलेला चेंडू दोन्ही हातांनी ओढून घ्यायचा, एक नंबरच्या स्वाधीन करायचा आणि धावत सुटायचं. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरणारा चुलतभाऊ असतो ना, तसं. अल्बममध्ये तो दिसत नाही. पण तो नसला तर पहिल्याच पंगतीला बोंब होते. लांबून चेंडू मारायची मला फार हौस. एका सामन्यात मारला, आणि गेलाही. सरांनी मला बाहेर बसवलं.

पुढे डर्क नोविट्स्की नावाचा सात फुटी जर्मन टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला. कामाने चार नंबर, आणि रिंगपासून पंचवीस फुटांवर उभा राहून खुशाल चेंडू मारतोय. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की याला कुणी बाहेर कसं बसवत नाही? त्या प्रश्नाचं बोट धरून मागे गेलो, तर चांगलंच मागे जावं लागलं.

'पॉवर फॉरवर्ड' हे नाव खेळाबरोबर जन्मलेलं नाही. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने जिमखान्याच्या गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर आहे. वर्गात अठरा मुलं होती, म्हणून पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ जण खेळले. तिघं पुढे, तिघं मध्ये, तिघं मागे. काही वर्षांत नवाचे पाच झाले: दोन फॉरवर्ड, एक सेंटर, दोन गार्ड. दोन फॉरवर्डमध्ये थोरला-धाकटा असा भेद नव्हता. पुढची कित्येक दशकं तो नव्हताच.

भेद पडायला सुरुवात झाली ती जमिनीवर आखलेल्या रेषांमुळे. रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात, ज्याला खेळाडू 'पेंट' म्हणतात, आक्रमण करणाऱ्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. हा पट्टा आधी सहा फूट रुंद होता. जॉर्ज मायकन नावाचा धिप्पाड, चष्मा लावून खेळणारा सेंटर तिथे ठाण मांडून बसे आणि त्याला हलवणं कुणालाच जमेना, तेव्हा १९५१ मध्ये पट्टा बारा फुटांचा केला गेला. मग विल्ट चेंबरलेन आला. १९६४ मध्ये बाराचे सोळा झाले. उंच माणसाला रिंगपासून लांब ठेवायची ही सरकारी तजवीज. पण कायदा करणाऱ्यांनी पट्टा जितका रुंद केला, तितकी तिथे एकट्या सेंटरची दमछाक वाढली आणि त्याच्या जोडीला दुसरा दणकट माणूस लागू लागला. चार नंबरची गरज अशी पट्ट्याच्या रंगातून वर आली, असं माझं मत आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून नाव घेतलं जातं ते बॉब पेटिटचं, आणि गंमत म्हणजे तो दणकट अजिबात नव्हता. लुइझियानातल्या बॅटन रूझचा हा मुलगा. शाळेच्या संघातून त्याला काढून टाकलं होतं. घराच्या अंगणात रिंग लावून त्याने सराव केला, उंची वाढली, विद्यापीठात सेंटर म्हणून नाव झालं. १९५४ मध्ये मिलवॉकीच्या हॉक्स संघाने त्याला घेतलं. (मिलवॉकी हे गाव लक्षात ठेवा, या गोष्टीत ते सारखं मध्ये मध्ये येणार आहे.) सहा फूट नऊ इंच उंची, पण अंगावर मांस नाही. व्यावसायिक सेंटर याला पेंटमध्ये चिरडून टाकतील हे प्रशिक्षक रेड होल्झमनने ओळखलं आणि त्याला फॉरवर्डच्या जागी, बाहेर काढलं. आतापर्यंत रिंगकडे पाठ करून खेळणारा पेटिट रिंगकडे तोंड करून खेळायला शिकला. दुरून जंप शॉट मारायचा, आणि चुकला तर स्वतःच आत घुसून तो उसळता चेंडू पुन्हा मिळवायचा. १९५६ मध्ये एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, सर्वोत्तम खेळाडूचा किताब पहिल्यांदा दिला, तो पेटिटला. वीस हजार गुणांचा टप्पा ओलांडणारा पहिला खेळाडूही तोच.

म्हणजे पहिला चार नंबर लांबून मारणारा होता. माझ्या सरांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

१९५५ मध्ये हॉक्स मिलवॉकी सोडून सेंट लुइसला गेले. १९५८ च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात पेटिटने बॉस्टनविरुद्ध ५० गुण केले आणि एका गुणाने विजेतेपद आणलं. हा पराक्रम सांगताना दोन गोष्टी वगळू नयेत. बॉस्टनचा बिल रसेल घोट्याच्या दुखापतीने जायबंदी होता. आणि हा रसेल मुळात सेंट लुइसनेच निवडलेला होता; १९५६ च्या खेळाडू-निवडीच्या वेळीच त्यांनी त्याला बॉस्टनला देऊन बदल्यात दोघं घेतले. कृष्णवर्णीय खेळाडू संघात नसताना एनबीए जिंकणारा १९५८ चा हॉक्स हा शेवटचा संघ. रसेलने पुढे बॉस्टनला एकूण अकरा विजेतेपदं मिळवून दिली. निवडीच्या टेबलावरच्या अशा अदलाबदली या खेळात फार भोवतात. अशीच एक पुढे यायची आहे.

'पॉवर' हे विशेषण चिकटलं आणि रुळलं ते साधारण सत्तरच्या दशकात, आणि त्याबरोबर कामाचा अर्थच बदलला. मॉरिस ल्यूकस हा त्या काळाचा चेहरा. १९७७ च्या अंतिम मालिकेत पोर्टलंड दुसरा सामनाही हरत होता. फिलाडेल्फियाचा डॅरिल डॉकिन्स मारामारीवर उतरला, तर ल्यूकस धावत येऊन त्याच्यासमोर मुठी वळून उभा राहिला. मालिका ०-२ अशी होती, पोर्टलंडने ती ४-२ ने जिंकली. संघाचा सेंटर बिल वॉल्टन याला हे इतकं भावलं की त्याने आपल्या मुलाचं नाव ल्यूक ठेवलं. आता गंमत बघा, त्या हंगामात पोर्टलंडकडून सर्वांत जास्त गुण ल्यूकसचेच होते. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या मुठी.

तिथून वीस वर्षं चार नंबर म्हणजे शरीर. केव्हिन मॅकहेल रिंगजवळ पाठ करून उभा राहिला की समोरच्याला आपले पाय नेमके कुठे आहेत हेच कळेनासं होई. चार्ल्स बार्कलीची उंची साडेसहा फूट लिहीत, खरी त्याहून थोडी कमीच. अंगाने गोल गरगरीत. आणि १९८६-८७ मध्ये लीगमध्ये सामन्यामागे सर्वाधिक रिबाउंड, म्हणजे उसळल्यावर मिळवलेले चेंडू, त्याचे. कार्ल मलोनचे दंड पाहून तर वाटे, हा माणूस चुकून या मैदानात आला, याचा आखाडा दुसरीकडे आहे. पण मलोनच्या कारकिर्दीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट दंडांची नाही. पहिल्या हंगामात, १९८५-८६ मध्ये, फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्याच्या, रेषेवरून त्याचे निम्म्याहून जास्त चेंडू चुकत. शेकडा अठ्ठेचाळीस जात. दुसऱ्या हंगामात साठ, तिसऱ्यात सत्तर. कारकीर्द संपली तेव्हा एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक यशस्वी फ्री थ्रो त्याच्या नावावर होते, ९,७८७. नुसत्या ताकदीच्या माणसाने दरवर्षी उन्हाळ्यात बसून एक एक हत्यार घासून आणलं. चार नंबरची कारकीर्द अशीच वाढते. एक नंबरला उपजत दृष्टी असावी लागते, पाच नंबरला उंची आई-बापाकडून मिळते. चार नंबरला जे मिळतं ते कमावलेलं असतं. (इथे मी आपल्या जातीची बाजू घेतोय, हे मान्य.)

टिम डंकनकडे बघा. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉइ बेटावरचा हा मुलगा पोहणारा होता. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने बेटावरचा पोहण्याचा तलाव उद्ध्वस्त केला. पुढच्या वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आई कर्करोगाने गेली. बास्केटबॉल त्याने त्यानंतर गंभीरपणे हातात घेतला. चार वर्षं विद्यापीठात काढून मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९९७ मध्ये सान अँटोनिओत आला. त्याचा हुकमी फटका म्हणजे बोर्डवर चौकोनाच्या कोपऱ्यात चेंडू टेकवून आत टाकणे. शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात तो. पाच विजेतेपदं त्याने या शालेय फटक्यावर काढली. तो खरा चार की पाच, यावर अमेरिकेत अजून कडाक्याने वाद घालणारे लोक आहेत. त्यांना वेळ बराच असतो.

आता ती दुसरी अदलाबदल. २४ जून १९९८, व्हँकुव्हर, खेळाडू-निवडीचा दिवस. डॅलसने सहाव्या क्रमांकावर रॉबर्ट ट्रेलरला निवडलं. डेट्रॉइटचा मुलगा, मिशिगन विद्यापीठाचा, सहा फूट आठ इंच, वजन तीनशे पौंडांच्या घरात, टोपणनाव ट्रॅक्टर. वीस वर्षांची घडी ज्या मापाची होती, त्या मापाचा चार नंबर. मिलवॉकीने, आता बक्स या दुसऱ्या संघाच्या रूपात, नवव्या क्रमांकावर वीस वर्षांच्या एका जर्मन पोराला निवडलं. सात फूट उंच, अंगाने काटकुळा, जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळलेला. हे सगळं ठरवूनच चाललं होतं. त्याच दिवशी ट्रेलर मिलवॉकीला गेला, जर्मन पोरगा डॅलसला. वर आणखी एक खेळाडू डॅलसला मिळाला, तो पुढे करून त्यांनी फिनिक्सकडून स्टीव्ह नॅश आणला. मिलवॉकीला ट्रॅक्टर हवा होता, ट्रॅक्टर मिळाला. त्या दिवशी बहुतेकांना सौदा मिलवॉकीनेच मारला असं वाटलं, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. त्या दिवसापर्यंतचा सगळा इतिहास मिलवॉकीच्या बाजूने होता.

त्या काटकुळ्या पोराचा इतिहास मात्र वेगळ्याच गावात घडत होता. व्युर्झबुर्ग. विल्हेल्म रोंटगेनला १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले तेच गाव. डर्कची आई हेल्गा देशाच्या बास्केटबॉल संघातून खेळलेली, वडील हँडबॉलपटू आणि पेशाने रंगकाम करणारे व्यावसायिक. मुलगा आधी हँडबॉल आणि टेनिस खेळला. नात्यागोत्यातल्या, शेजारपाजारच्या सगळ्यांपेक्षा उंच झाला तेव्हा बास्केटबॉलकडे वळला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना श्वाइनफुर्टच्या एका हॉलमध्ये त्याचा खेळ होल्गर गेश्विंडनर या माणसाने पाहिला.

हा गेश्विंडनर एक वल्लीच. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या संघाचा कर्णधार, शिक्षण गणित आणि पदार्थविज्ञानाचं. त्याला हा खेळ शिकवला होता अर्नी बटलर नावाच्या अमेरिकी सैनिकाने, जो जर्मनीत तैनात होता आणि जॅझमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. म्हणजे एका अमेरिकी सैनिकाकडून मिळालेला खेळ, एका जर्मनाच्या डोक्यात तीस वर्षं मुरून पुन्हा अमेरिकेला परत निघाला होता. पण जाताना तो अमेरिकेतल्या नंबरांच्या वाटण्या बरोबर घेऊन गेला नाही. उंच आहेस तर रिंगखाली उभा राहा, असं डर्कला कुणी सांगितलंच नाही.

गेश्विंडनरने वजनं उचलायला लावली नाहीत. वाद्य शिक म्हणाला, पुस्तकं वाच म्हणाला, होडी वल्हवायला नि तलवारबाजी करायला लावली. आणि कागदावर गणित मांडलं. ते गणित आपणही मांडून पाहू शकतो. रिंगचा व्यास पंचेचाळीस सेंटिमीटर, चेंडूचा साधारण चोवीस. चेंडू थेट वरून पडला तर त्याला पूर्ण पंचेचाळीसचं भोक दिसतं. सपाट येऊ लागला की तेच भोक चपटं होत जातं. पंचेचाळीस अंशांनी आला तर बत्तीस सेंटिमीटर उरतात. बत्तीस अंशांवर जेमतेम चोवीस, म्हणजे चेंडू कडेला न घासता जाणं जवळपास अशक्य. साठ अंशांवर एकोणचाळीस. मग सगळेच साठ अंशांनी का मारत नाहीत? कारण चेंडू जितका उंच चढवावा तितका जोर जास्त आणि जोराबरोबर चूकही जास्त. पण ज्याच्या हातातून चेंडू आधीच रिंगच्या जवळपास उंचीवरून सुटतो, त्याला ही चैन परवडते. गेश्विंडनरने डर्कची उंची आणि हातांची लांबी धरून त्याच्या फटक्याचा कोन बसवला, साठच्या आसपास. मग रात्रंदिवस तेच. बोटं फाकवून धरणं, मनगट, गुडघ्यांचा वाक. बघणाऱ्याला ते सुतारकाम वाटावं.

१९९७ मध्ये अमेरिकी खेळाडूंचा ताफा प्रदर्शनी सामन्यासाठी जर्मनीत आला तेव्हा या पोराने बार्कलीच्या डोक्यावरून डंक मारला. बार्कली त्याला आपल्या जुन्या विद्यापीठात न्यायचा खटाटोप करून बसला. २९ मार्च १९९८ ला सान अँटोनिओत अमेरिकी तरुण विरुद्ध बाकीचं जग असा सामना झाला. डर्कचा व्युर्झबुर्ग संघ तेव्हा वरच्या श्रेणीत चढण्यासाठी झगडत होता आणि गेश्विंडनर त्याला गुपचूप टेक्ससला घेऊन गेला. डर्कने ३३ गुण आणि १४ रिबाउंड केले, जगाच्या संघाने अमेरिकेला हरवलं. तीन महिन्यांनी व्हँकुव्हर.

पहिला हंगाम वाईट गेला. सरासरी आठ गुण. दांडगे चार नंबर त्याला आत ढकलून नेत आणि त्याच्या डोक्यावरून टाकत. त्याला 'अर्क' म्हणू लागले. डर्कमधला 'डी' काढला की उरतं ते, कारण 'डी' म्हणजे डिफेन्स, आणि तो याच्याकडे नव्हता. जर्मनीला परत जावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण त्याचा प्रशिक्षक डॉन नेल्सन होता, आणि हा नेल्सन १९७६ पासून अकरा वर्षं, कुठे तर मिलवॉकीत, प्रशिक्षक होता. तिथेच त्याने फॉरवर्डच्या हाती चेंडू देऊन त्याच्याकडून एक नंबरचं काम करून घ्यायची युक्ती रुळवली होती. नंबरांचं सोवळं-ओवळं न पाळणारा माणूस. उंच पोरगा बाहेरून मारतो? मारू दे. तिसऱ्या हंगामात डर्कची सरासरी जवळपास बावीस होती.

२००१ मध्ये नियमही त्याच्या बाजूला आले. तोवर बचाव करणाऱ्यांना आपापला माणूस सोडून रिंगखाली गर्दी करायला बंदी होती, ती उठली. आता पेंटमध्ये गर्दी होणार, आणि ती फोडायची तर बाहेर असा कुणी हवा की ज्याला मोकळं सोडणं परवडणार नाही. असा माणूस सात फुटांचा असला तर त्याला धरायला समोरच्या संघाचा एक उंच माणूस बाहेर यावाच लागतो. पेंट आपोआप रिकामा. त्या चार नंबरला पुढे 'स्ट्रेच फोर' असं नाव पडलं. समोरचा बचाव ताणून विरळ करणारा.

२००६ च्या अंतिम मालिकेत डॅलस मायामीविरुद्ध २-० ने पुढे होता आणि सलग चार सामने हरला. तिसऱ्या सामन्याच्या अखेरीस डर्कचा एक फ्री थ्रो चुकला. २००६-०७ मध्ये डॅलसने ८२ पैकी ६७ सामने जिंकले, डर्क लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळवणारा पहिला युरोपीय. पण किताब हातात पडला तेव्हा डॅलस पहिल्याच फेरीत गारद होऊन बसला होता, आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटकडून. गोल्डन स्टेटचा प्रशिक्षक डॉन नेल्सन. घरचा भेदी. डर्कला चेंडू कुठे हवा असतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने डर्कवर उंच माणूस घातलाच नाही. बुटके, चपळ, अंगाला बिलगणारे घातले. शेवटच्या सामन्यात डर्कने तेरा फटके मारले, दोन गेले.

तो गेश्विंडनरबरोबर ऑस्ट्रेलियात भटकायला निघून गेला. पुढच्या वर्षांत जे हत्यार त्याने परजलं, ते आता जगातलं प्रत्येक पोरगं गल्लीतल्या कोर्टवर करून बघतं. एका पायावरचा फेडअवे. जवळून बघायचा तर असा: फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी तो बचाव करणाऱ्याकडे पाठ करून उभा. चेंडू छातीशी. एकदा खांदा आतल्या बाजूला हलतो, समोरचा पाव पाऊल मागे सरकतो. तेवढ्यात हा वळतो, डावा पाय रोवतो आणि त्याच पायावर मागे कलत वर जातो. उजवा गुडघा पोटापर्यंत उचललेला, बसच्या पुढच्या बंपरसारखा. समोरच्याला पुढे यायचं तर त्या गुडघ्यावर आपटावं लागेल. चेंडू डोक्याच्याही मागून सुटतो. बुटका तिथवर पोहोचत नाही आणि उंच माणूस वेळेत पोहोचत नाही. दिसायला हा फटका बेंगरूळ आहे, पाय घसरून पडताना कुणी फेकावा तसा. पण तो अडवता येत नाही. लेब्रॉन जेम्स आणि केव्हिन ड्युरंट यांनी तो उचलला तो काही देखणा म्हणून नव्हे.

२०११ च्या मे महिन्यात ओक्लाहोमा सिटीविरुद्ध एका सामन्यात त्याने ४८ गुण केले. पंधरा फटक्यांत बारा गेले, आणि चोवीस फ्री थ्रोंपैकी चोवीस. अंतिम मालिकेत पुन्हा मायामी. पहिल्याच सामन्यात त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाची कंडरा फाटली. दुसऱ्या सामन्यात डॅलस पंधरा गुणांनी मागे पडून बरोबरीला आला आणि चार सेकंदही उरले नसताना डर्कने डाव्या हाताने, पट्टी बांधलेल्या त्याच हाताने, लेअप टाकून सामना जिंकला. चौथा सामना तो तापात खेळला. १२ जूनच्या सहाव्या सामन्यात पहिल्या अर्ध्यात त्याचे बारापैकी अकरा फटके चुकले. जेसन टेरीने संघ धरून ठेवला, नंतर डर्क परतला. वेळ संपताच सगळे मैदानात नाचत असताना तो गुणलेखकांचं टेबल ओलांडून आत पळाला आणि एकटाच रडत बसला.

त्याच्या महिनाभर आधी, ११ मे २०११ ला, रॉबर्ट ट्रेलर प्वेर्तो रिकोत मृतावस्थेत सापडला. वय चौतीस. मिलवॉकीनंतर तो आणखी दोन संघांत फिरला, एनबीएत सात हंगाम मिळाले, हृदयाशी संबंधित शस्त्रक्रिया झाली, मग परदेशातल्या लीगमध्ये खेळत राहिला. अदलाबदलीच्या विनोदात त्याचं नाव अजून घेतात. मला ते आवडत नाही. तो आपल्या कामात कमी पडला म्हणण्यापेक्षा, तो आला आणि ते कामच उठून गेलं.

कारण पुढे चार नंबर सगळीकडे पसरला. २०१२ मध्ये पस्तिसाव्या क्रमांकावर निवडलेला ड्रेमंड ग्रीन, साडेसहा फुटांचा. २०१५ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटने आपला खरा सेंटर बसवला आणि याला पाच नंबरवर खेळवून विजेतेपद काढलं. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएचे पहिले दोन सामने झाले. एका बाजूला मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या मालकीचा सॅक्रामेंटो, दुसऱ्या बाजूला इंडियाना. इंडियानाच्या संघात डोमान्टस सबोनिस होता, चार नंबर, आणि तोही पास देणारा. त्याचे वडील आर्विदास सबोनिस युरोपातून अमेरिकेत पोहोचेपर्यंत तीस वर्षांचे झाले होते आणि पाय गेलेले होते; मुलगा वेळेत पोहोचला.

आणि मिलवॉकी? पेटिट तिथून निघून गेला, नोविट्स्की तिथे एक दिवससुद्धा राहिला नाही. २०१३ मध्ये त्यांनी पंधराव्या क्रमांकावर अथेन्समधला एक मुलगा घेतला. नायजेरियन आई-वडिलांचा, रस्त्यावर घड्याळं आणि गॉगल विकलेला, भावाबरोबर बुटांचा एकच जोड वाटून खेळलेला यानिस आंटेटोकुंपो. याला मात्र त्यांनी जाऊ दिलं नाही. २० जुलै २०२१ ला अंतिम मालिकेचा सहावा सामना मिलवॉकीतच झाला आणि यानिसने विजेतेपद आणताना ५० गुण केले. सहावा सामना आणि नेमके पन्नास, पेटिटने १९५८ मध्ये केले तेवढेच. फ्री थ्रोच्या रेषेवर वर्षभर ज्याची प्रेक्षक टिंगल करत, त्याचे त्या रात्री एकोणीसपैकी सतरा गेले.

डर्क एकवीस हंगाम डॅलसमध्येच खेळला. शेवटचा सामना १० एप्रिल २०१९ ला आला तो सान अँटोनिओत, डंकनच्या गावात, जिथे एकवीस वर्षांपूर्वी त्याला चोरून आणलं होतं. आदल्या वर्षी घोट्याची शस्त्रक्रिया झालेली; चाळिशीचा माणूस, धावताना पाय ओढत होता. सामन्याआधी प्रतिस्पर्धी संघाने पडद्यावर त्याची जुनी दृश्यं दाखवली, तेव्हा जर्सीच्या गळ्याने तो डोळे पुसत राहिला. मग खेळला. वीस गुण, दहा रिबाउंड. सामना डॅलसच्या हातून गेलेला होता. शेवटचं मिनिट चालू असताना चेंडू त्याच्याकडे आला, त्याने लांबून मारला, आणि तो गेला. प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बोलावलं.